खाडीच्या मुखावरचा हक्क : वसई, साष्टी आणि अर्नाळा

उत्तरेला वैतरणा आणि दक्षिणेला उल्हास या दोन नद्यांच्या मुखांमध्ये वसईचा पट्टा पसरलेला आहे. पश्चिमेला अरबी समुद्र आणि पूर्वेला एकेकाळी गलबते चालतील एवढी सोपाऱ्याची खाडी, असे चारी बाजूंनी पाणी असल्यामुळे जुन्या कागदपत्रांत वसईची गणना बेटांतच होते. वैतरणेच्या तोंडावर अर्नाळ्याचे छोटे बेट आहे आणि वसईच्या खाडीत नायगाव व भाईंदर यांच्यामध्ये पाणजू. खाडीपलीकडे साष्टी सुरू होते.

साष्टीचे महत्त्व समजायचे तर उल्हास नदीची वाट पाहावी लागते. कल्याणहून खाली आलेले तिचे पाणी ठाण्यापाशी दुभंगते. एक फाटा घोडबंदरवरून पश्चिमेकडे वळून वसईच्या किल्ल्याखाली समुद्राला मिळतो, तर दुसरा दक्षिणेकडे मुंबई बंदरात उतरतो. नाणेघाट आणि थळघाट उतरून कल्याण-भिवंडीला आलेला माल समुद्रापर्यंत न्यायचा, तर गलबताला या दोनपैकी एक वाट धरावीच लागे. दोन्ही वाटा ठाण्यावरून जात, आणि त्यांतली जवळची वाट वसईच्या तोफांखालून बाहेर पडे. या किनाऱ्यावरचे तंटे जमिनीसाठी झाले असे वरवर दिसते. तहांची कलमे वाचली, तर वादाचे मूळ बहुतेक वेळा पाण्यात सापडते. जकात कोणी घ्यायची, परवाना कोणी द्यायचा आणि कोणाचे जहाज कोणी अडवायचे, हे खरे प्रश्न होते. ज्याच्या हाती खाडीचे मुख, त्याच्याकडे बेटाचा महसूल आपोआप चालत येई.

वसईच्या आधी हे स्थान सोपाऱ्याचे होते. शूर्पारक या नावाने ते प्राचीन साहित्यात येते. अशोकाच्या आठव्या व नवव्या शिलालेखांचे तुकडे येथे मिळाले आहेत, आणि 1882 मध्ये भगवानलाल इंद्रजी यांनी येथला स्तूप उकरला. पुढे उत्तर कोकणच्या शिलाहारांनी ठाणे ही राजधानी केली. त्यांचा शेवटचा राजा सोमेश्वर याच्याशी देवगिरीच्या महादेव यादवाचे युद्ध झाले ते तेराव्या शतकाच्या उत्तरार्धात. जमिनीवर हरलेला सोमेश्वर गलबतांवर चढला आणि समुद्रातल्या लढाईत बुडून मेला. बोरिवलीजवळच्या एकसर गावी वीरगळ आहेत. त्यांवर वल्ह्यांच्या जहाजांच्या रांगा, शिडांच्या काठ्या आणि पाण्यात पडणारे सैनिक स्पष्ट कोरलेले दिसतात. काही अभ्यासक त्यांचा संबंध याच युद्धाशी जोडतात. तो मानला वा न मानला, तरी या पाण्यावर नाविक लढाया होत होत्या आणि गावकऱ्यांना त्या दगडावर कोरून ठेवण्याइतक्या मोलाच्या वाटत होत्या, एवढे निश्चित.

यादवांनंतर हा किनारा दिल्लीच्या आणि मग गुजरातच्या सुलतानांकडे गेला. बेटांवरून दोन राज्यांत ठळकपणे जुंपली ती 1429 च्या सुमारास. माहीमचा गुजराती सुभेदार मरण पावला, ही संधी साधून बहमनी सुलतान अहमदशहा वली याचा सरदार मलिक-उत्-तुज्जार याने माहीम आणि साष्टी बळकावली. गुजरातच्या अहमदशहाने आपला मुलगा जफरखान याला सैन्य देऊन पाठवले आणि दीव, घोघा व खंबायत येथली जहाजे गोळा करून आरमार सोबत दिले. ठाण्यावर जमिनीवरून आणि पाण्यावरून एकाच वेळी हल्ला झाला, बहमनी फौज माहीमला रेटली गेली आणि शेवटी बेटे सोडून परतली. पुढल्या तीन शतकांत या बेटांसाठी जे जे लढले, त्यांना हीच रीत पाळावी लागली. एका बाजूने येणाऱ्याला ठाणे-साष्टी पचत नसे.

पोर्तुगीज आले ते समुद्राकडून. 1533 च्या जानेवारीत गव्हर्नर नुनो द कुन्य याने वसईवर चालून जाऊन मलिक तुघानची तटबंदी पाडली. तुघान हा दीवचा नामांकित सुभेदार मलिक अयाज याचा मुलगा. गुजरातचा सुलतान बहादुरशहा त्या वेळी हुमायूनच्या भीतीने ग्रासलेला होता. उत्तरेकडे मोगल आणि पश्चिमेला पोर्तुगीज अशा कात्रीत सापडल्यावर त्याने समुद्राकडची बाजू विकत घेतली. 23 डिसेंबर 1534 रोजी ‘सांव मातेउस’ या जहाजावर तह झाला. सुलतानाने वसई, तिच्या ताब्यातली मुख्य जमीन, बेटे आणि समुद्र, सर्व अधिकार व महसुलासह पोर्तुगालच्या राजाला कायमचे देऊन टाकले.

या तहाची कलमे पाहिली, की पोर्तुगिजांना नेमके काय हवे होते ते उघड होते. तांबड्या समुद्राकडे जाणाऱ्या गुजराती जहाजांनी वसईहून परवाना घेऊन निघायचे आणि परतताना वसईलाच येऊन जकात भरायची. इतर जहाजांनीही पोर्तुगीज परवान्याशिवाय समुद्रात उतरायचे नाही. गुजरातच्या बंदरांत लढाऊ जहाजे बांधायची नाहीत आणि रूमींना, म्हणजे तुर्कांना, थारा द्यायचा नाही. शेती, गावे, वसूल या गोष्टी ओघाने आल्या. पोर्तुगीज या परवान्याला कर्ताज म्हणत. कर्ताज नसलेले जहाज समुद्रात सापडले की जप्त होई. समुद्र हा कोणा राजाच्या मालकीचा असू शकतो, ही कल्पना या किनाऱ्याला नवी होती. व्यापारी बंदरात जकात भरत आले होते. भर समुद्रात फिरण्यासाठी परवानगी मागण्याची वेळ त्यांच्यावर प्रथमच आली. पुढल्याच वर्षी दीवच्या किल्ल्याचा करार झाला तेव्हा वसईला यायची अट सैल झाली, पण कर्ताज राहिला. बहादुरशहा स्वतः 1537 च्या फेब्रुवारीत दीवजवळ पोर्तुगिजांशी झालेल्या चकमकीत समुद्रातच मारला गेला.

1536 पासून वसईचा किल्ला उभा राहू लागला आणि हळूहळू तो दमणपासून चौलपर्यंतच्या ‘उत्तर प्रांता’ची राजधानी झाला. डहाणू, तारापूर, केळवे-माहीम, अशेरी, मनोर, ठाणे, उरणजवळचे करंजा आणि मुंबईची बेटे हे सारे या कारभारात येत. गावे फिदाल्गोंना, म्हणजे पोर्तुगीज उमरावांना, व चर्चच्या संस्थांना वार्षिक खंडाने दिलेली असत. मुंबई बेट असेच गार्सिया द ऑर्ता या वैद्याकडे होते. अर्नाळ्याला पोर्तुगीज ‘गायींचे बेट’ म्हणत, आणि तेही एका सरदाराला दिलेले होते. दोनशे वर्षे वसई पोर्तुगिजांकडे राहिली, पण खुद्द त्यांच्याच ताब्यातल्या पाण्यावर इतरांचे दावे थांबले नाहीत. 1674 मध्ये मस्कतच्या अरबांनी वसईला उतरून तटाबाहेरची चर्चे लुटली. त्याच वर्षी शिवाजी महाराजांचे पेशवे मोरोपंत पिंगळे कल्याणला येऊन वसईच्या मुलखाची चौथाई मागू लागले.

त्याआधी, 1657 मध्ये, शिवाजी महाराजांनी कल्याण-भिवंडी घेतली आणि लगेच कल्याणच्या खाडीत जहाजे बांधायला काढली. या कामावर रुई लैतांव व्हियेगश नावाचा पोर्तुगीज कारागीर होता. जहाजे जंजिऱ्याच्या सिद्दीविरुद्ध आहेत असे बाहेर सांगितले जात होते. वसईच्या पोर्तुगीज कॅप्टनने मात्र ओळखले, की कल्याणात तयार झालेले आरमार समुद्रात उतरेल ते आपल्याच खाडीतून, आणि एकदा उतरले की आपल्या कर्ताजला विचारणार नाही. त्याने कारागिराचे मन वळवले आणि तो आपल्या माणसांसह निघून गेला. मराठा आरमाराच्या अगदी आरंभाची ही घटना. बंदर हाती आले, पण बंदरातून बाहेर पडणाऱ्या पाण्याची किल्ली दुसऱ्याकडे, ही अडचण कल्याणची. पेशव्यांनी ती सोडवली ऐंशी वर्षांनी.

त्याआधी एक वाद इंग्रज आणि पोर्तुगीज या दोस्तांतच पेटला, आणि बेट म्हणजे काय या प्रश्नाइतका चमत्कारिक मुद्दा या किनाऱ्याच्या इतिहासात दुसरा नाही. 1661 च्या विवाहतहाने पोर्तुगालची राजकन्या कॅथरीन हिच्याबरोबर ‘मुंबईचे बंदर व बेट’ इंग्लंडचा राजा दुसरा चार्ल्स याला मिळाले. बेट कोणते, कुठपर्यंत, हे कोणी लिहिले नव्हते. इंग्रजांचे म्हणणे, आपल्याला दाखवलेल्या नकाशात साष्टी आणि ठाणेही होते. व्हाइसरॉय आंतोनियो द मेलु इ काश्त्रु याचे म्हणणे, मुंबई म्हणजे फक्त मुंबई. माहीम, परळ, शीव ही वेगळी बेटे. त्याने ताबाच दिला नाही. ताबा घ्यायला आलेला अब्राहम शिपमन आपल्या सैन्यासह कारवारजवळच्या अंजदीव बेटावर वाट पाहत राहिला. तिथल्या आजारांनी त्याचे बहुतेक शिपाई मेले आणि 1664 मध्ये तोही मेला. अखेर 1665 च्या फेब्रुवारीत हम्फ्री कुक याने व्हाइसरॉयच्या अटी मान्य करून मुंबई घेतली.

अटी मान्य केल्या त्या कागदावर. पुढल्या काही महिन्यांत कुकने माहीम, शीव, धारावी, वडाळा ताब्यात घेतले. त्याचा युक्तिवाद असा, की ओहोटीला मुंबईहून माहीमला पायी जाता येते, तेव्हा ते एकच बेट. भरतीच्या वेळी दोन आणि ओहोटीच्या वेळी एक, अशा जमिनीवर दोन दरबार वाद घालत होते. पोर्तुगिजांनी निषेध नोंदवला, पण माहीम परत मिळाले नाही. त्यांनी सूड घेतला तो पाण्यावर. ठाणे व करंजा येथे त्यांनी मुंबईच्या होड्यांवर जकात लावली. बेट घेऊनही कल्याणच्या बाजारापर्यंतची वाट इंग्रजांना मोकळी मिळेना. मुंबई बंदर वाढायचे असेल तर साष्टी हवी, हा धडा ईस्ट इंडिया कंपनीने तेव्हाच गिरवला आणि पुढली शंभर वर्षे तो विसरली नाही. मुंबईत इंग्रज पाय रोवतील त्या दिवशी हिंदुस्थान हातचा जाईल, असे मेलु इ काश्त्रुने आपल्या राजाला कळवले होते. पोर्तुगिजांपुरते बोलायचे तर तो चुकला नाही.

मराठ्यांची वसई मोहीम 1737 च्या वसंतात सुरू झाली. त्यामागे अनेक वर्षांची तयारी होती, आणि तिचे श्रेय जेवढे पेशव्यांचे तेवढेच स्थानिक माणसांचे आहे. अंजूरचे गंगाजी नाईक व त्यांचे भाऊ यांनी साष्टीतल्या वाटा, उतार, चौक्या, कोणाचा पहारा कुठे ढिला आहे, ही माहिती पुरवली आणि पेशव्यांकडे खेपा घातल्या. ठाण्याचा किल्ला तेव्हा अर्धवट बांधून झाला होता. तो पुरा होण्याआधीच मराठ्यांनी रात्रीतून खाडी ओलांडून तो घेतला. ठाणे गेल्याबरोबर साष्टीचा बहुतेक भाग गेला आणि वसईची पाठ उघडी पडली.

त्याच मोहिमेत अर्नाळा घेतला. बेटावर आज दिसणारा चौकोनी किल्ला मराठ्यांनी नव्याने बांधला. दरवाजावर हत्ती आणि व्याघ्रांची शिल्पे आहेत, बेटाच्या टोकाला किल्ल्यापासून सुटा असा एक गोल बुरूज आहे आणि दरवाजावरच्या मराठी लेखात बाजीराव पेशव्यांची आज्ञा, शंकराजीपंत आणि बांधणारा बाजी तुळाजी यांची नावे आहेत. लेखात किल्ला समुद्राच्या पोटात बांधण्याची आज्ञा आहे आणि ती पाश्चात्यांचे नाव घेऊन आहे. हा लेख शांतपणे वाचण्यासारखा आहे. पोर्तुगिजांनी दोनशे वर्षे समुद्र आपला म्हणून सांगितले. त्याला मराठी भाषेत दगडावर कोरलेले हे उत्तर होते. शिवाय अर्नाळ्यावर तोफा चढल्याबरोबर वैतरणेचे मुख बंद झाले आणि वसईला उत्तरेकडून येणारी मदत अवघड झाली.

वेढा निर्णायक झाला तो 1739 मध्ये, पेशव्यांचे भाऊ चिमाजी अप्पा स्वतः उतरल्यावर. जानेवारीत केळवे-माहीम आणि तारापूर पडले. तारापूरच्या तटावर बाजी भिवराव रेठरेकर मारले गेले. मग वेसावे आणि धारावी. ही धारावी मुंबईतली नव्हे, तर वसईच्या खाडीच्या दक्षिण तीरावर, उत्तनच्या बाजूची. नकाशा समोर ठेवला की या क्रमातली अक्कल कळते. वसईचा किल्ला खाडीच्या उत्तर काठावर, धारावी समोरच्या काठावर. धारावी मराठ्यांच्या हातात गेल्यावर गोव्याहून वा मुंबईहून येणाऱ्या जहाजाला दोन्ही काठांच्या तोफांमधून आत यावे लागले असते. मानाजी आंग्रे यांचे आरमारही समुद्रावर होते. तटावर सुरुंग लावून भगदाडे पाडण्याचे काम नंतरचे. वसई खऱ्या अर्थाने कोंडली गेली ती पाण्याकडून.

आत अडकलेल्या पोर्तुगिजांनी मुंबईच्या इंग्रजांकडे मदत मागितली. गव्हर्नर जॉन हॉर्न याने सैन्य दिले नाही. अखेर चर्चची चांदी आणि पितळी तोफा तारण ठेवून घेऊन 15,000 रुपये कर्जाऊ दिले. वांद्र्याचा किल्ला मराठ्यांच्या हाती पडू नये म्हणून तो पाडावा, असाही आग्रह इंग्रजांनी धरला आणि तो पाडला गेला. दोस्ताच्या संकटात स्वतःचे माहीम सुरक्षित करून घेण्याचा हा हिशेब होता, आणि पोर्तुगीज तो कधी विसरले नाहीत. किल्ल्याचा सेनापती सिल्व्हेरा द मेनेझिस वेढ्यात मारला गेल्यावर कॅतानो द सौझ परेरा याने लढा चालवला. शेवटचा हल्ला सलग दोन दिवस चालला. सेंट सेबॅस्टियन बुरुजाखालचे सुरुंग उडाले, मराठे भगदाडात घुसले आणि दोन्ही बाजूंची माणसे मोठ्या संख्येने पडली. शरणागतीचा तह झाला त्याची तारीख इंग्रजी कागदांत 5 मे आहे आणि पोर्तुगीज कागदांत 16 मे, कारण इंग्लंड त्या वेळी जुनी कालगणना पाळत होते. आठवड्याने पोर्तुगीज फौज शस्त्रांसह, वाद्ये वाजवत किल्ल्याबाहेर पडली. मागे राहणाऱ्या ख्रिस्ती रयतेला धर्माची मोकळीक तहात लिहून दिलेली होती. वसईतला ख्रिस्ती समाज टिकला, त्याला या कलमाचा आधार आहे. चर्चच्या घंटा मात्र मराठी सैन्याबरोबर गेल्या. भीमाशंकरला आणि नाशिकच्या नारोशंकराच्या देवळात त्या आजही टांगलेल्या आहेत.

इंग्रजांनी वेळ दवडला नाही. जुलै 1739 मध्येच कॅप्टन इंचबर्ड वसईला चिमाजी अप्पांकडे आला आणि पेशव्यांच्या मुलखात मुक्त व्यापाराचा करार करून गेला. पुढल्या वर्षी मुंबईत पोर्तुगीज-मराठे तहही इंग्रजांच्या मध्यस्थीने झाला; पोर्तुगिजांनी चौल दिले, मराठ्यांनी गोव्याकडची साष्टी सोडली. वसईचे नाव बाजीपूर झाले, सरसुभा तेथे बसला, आणि साष्टीची जकात पेशव्यांकडे येऊ लागली.

कागदावर पोर्तुगिजांचा दावा मेला नव्हता. 1774 च्या अखेरीस पोर्तुगीज आरमार वसई-साष्टी परत घ्यायला येत असल्याची बातमी मुंबईत पसरली. पुण्यात नारायणराव पेशव्यांच्या खुनानंतर गोंधळ माजला होता. मुंबईचा गव्हर्नर हॉर्नबी याने दोन्ही गोष्टींचा फायदा घेतला, आणि डिसेंबरच्या शेवटच्या दिवसांत कंपनीच्या फौजेने ठाण्याचा किल्ला घेतला. या हल्ल्यात इंग्रजांचा कमोडोर वॉटसन मारला गेला. पोर्तुगीज जहाजे खरोखरच मुंबईसमोर येऊन थांबली आणि आमची मिळकत तुम्ही घेतली असा औपचारिक निषेध त्यांनी दिला. एका बेटाचा जुना मालक, सध्याचा मालक आणि नवा मालक अशी तिघांची गाठ पडली ती येथे. ताबा मात्र नव्याकडेच राहिला.

पेशवेपदावर हक्क सांगणाऱ्या राघोबादादांशी 6 मार्च 1775 रोजी झालेल्या सुरतेच्या तहात कंपनीने साष्टी आणि वसई लिहून घेतली. वसई द्यायला राघोबा कित्येक महिने तयार नव्हते. सर्व बाजूंनी कोंडी झाल्यावरच त्यांनी सही केली. कंपनीच्या कलकत्ता कौन्सिलने हा तह नाकारला. कर्नल अप्टनने 1 मार्च 1776 रोजी पुरंदरचा तह केला, त्यात साष्टी इंग्रजांकडे राहिली आणि वसई मराठ्यांकडे. वसई सोडायची नाही, हा पुणे दरबाराचा निर्धार होता. 1779 मध्ये वडगावला कोंडीत सापडलेल्या इंग्रजांनी साष्टीसकट सारे परत देण्याचे कबूल केले आणि संकट टळताच तो शब्द मोडला. 11 डिसेंबर 1780 रोजी जनरल गॉडर्डने वसई घेतली. किल्ल्यात विसाजी केशव लेले होते. त्यांच्या मदतीला धावलेले रामचंद्र गणेश कानडे दुसऱ्याच दिवशी वज्रेश्वरीजवळ दुगाडच्या लढाईत पडले. जानेवारीत अर्नाळाही गेला.

17 मे 1782 च्या सालबाईच्या तहाने वसई मराठ्यांना परत मिळाली. साष्टी, करंजा, घारापुरी आणि मुंबई बंदरातले हॉग बेट इंग्रजांनी ठेवून घेतले. हा तह महादजी शिंद्यांचा मुत्सद्दी विजय म्हणून सांगितला जातो, आणि जमिनीचा हिशेब केला तर ते खरे आहे. पण कंपनीने ठेवलेल्या चारही जागा मुंबई बंदराच्या पाण्याभोवती पडतात. ठाण्याची जकात, कल्याणच्या खाडीचे तोंड आणि बंदराची आतली बाजू एका फटक्यात तिच्याकडे आली. वसई हा मोठा किल्ला होता, पण साष्टी गेल्यावर तो एका खाडीचा एकच काठ राखत होता. दुसरा बाजीराव 1802 मध्ये होळकरांपासून पळून याच वसईत येऊन थांबला, आणि 31 डिसेंबरला तैनाती फौजेच्या ज्या तहावर त्याने सही केली तो वसईच्याच नावाने ओळखला जातो. त्या वेळी वसई त्याच्या मालकीची होती. तिच्याभोवतीचे पाणी नव्हते. जून 1817 च्या पुणे तहाने उत्तर कोकण कंपनीकडे गेले आणि राज्याराज्यांतला वाद संपला.

इंग्रज अमदानीत खाडीची लष्करी किंमत गेली. 1864 मध्ये बी.बी.सी.आय. रेल्वेचा पूल पाणजू बेटावरून वसईला आला. किल्ल्यात काही काळ उसाची लागवड झाली. सोपाऱ्याची खाडी गाळाने आणि बांधांनी आखडत गेली. आज वसईची खाडी म्हणजे पालघर व ठाणे या दोन जिल्ह्यांमधली हद्द. पालघर जिल्हा 1 ऑगस्ट 2014 रोजी वेगळा झाला तेव्हा पाणजू वसई तालुक्याबरोबर पालघरमध्ये आले आणि धारावी-उत्तन ठाण्यातच राहिले.

पाण्यावरचा दावा मात्र संपला नाही, तो राजांकडून कोळ्यांकडे गेला. वसईचे पाचूबंदर, नायगाव, अर्नाळा, आणि खाडीपलीकडचे उत्तन, गोराई, मढ येथली मुख्य मासेमारी डोलीची. समुद्राच्या तळात जाड, लांब लाकडे ठोकून उभी करतात. याला कव मारणे म्हणतात. त्या कवीला रुंद तोंडाची आणि शेपटाकडे निमुळती होत जाणारी जाळी बांधतात. भरती-ओहोटीचा ओढा जाळ्याचे तोंड उघडे ठेवतो, आणि बोंबील, जवळा, मांदेली, कोळंबी त्यात वाहत येतात. प्रवाह फिरला की जाळे फिरवावे लागते. कव एकदा मारली की ती जागा मारणाऱ्याची, दुसऱ्याने तिथे जाळे लावायचे नाही, ही वहिवाट पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे. जमिनीवरच्या सातबाऱ्यासारखा तिचा कागद कुठेच नाही.

उत्तरेकडे सातपाटी, मुरबे, वडराई, डहाणू येथले मच्छीमार मुख्यतः दालदा वापरतात. पापलेटासाठी सोडलेली ही जाळी पाण्यात तरंगत वाहत जातात. वाहणारे जाळे आणि ठोकलेली कव एका पाण्यात नांदू शकत नाहीत. जाळे कवीत अडकले की फाटते, आणि लाखोंची जाळी गेली की घरचे वर्ष बुडते. बोटींना यंत्रे लागल्यावर आणि जवळचा मासा कमी झाल्यावर वसई-उत्तनच्या बोटी वायव्येकडे लांब जाऊन सातपाटी-डहाणूसमोरच्या समुद्रात कवी मारू लागल्या. गेली काही दशके हा वाद धुमसतो आहे. सातपाटीकरांचे म्हणणे, आमच्या गावासमोरचा समुद्र आमचा. वसईकरांचे म्हणणे, इतक्या खोल पाण्यात गावाची हद्द कसली, आणि या कवी आम्ही आज नाही मारल्या. दोन्ही बाजू कोळी, दोन्हींचे पोट एकाच समुद्रावर.

कायद्याची मदत येथे तोकडी पडते. 1976 च्या केंद्रीय कायद्याने किनाऱ्यापासून 12 सागरी मैलांचा समुद्र भारताचा प्रादेशिक समुद्र ठरला, आणि महाराष्ट्राच्या 1981 च्या सागरी मासेमारी नियमन कायद्याने त्या पट्ट्यात कोणत्या बोटीने कुठे मासे धरायचे याचे नियम केले. दोन गावांमधली रेषा यांपैकी कशातही नाही. बारा मैलांपलीकडे तर राज्याचा अधिकारच संपतो, आणि वादातल्या कित्येक कवी त्याही पलीकडे आहेत. त्यामुळे मत्स्यव्यवसाय खात्याचे अधिकारी, जिल्हाधिकारी आणि मच्छीमार संस्था यांच्या बैठका होतात, समजुती होतात, आणि हंगाम सुरू झाला की पुन्हा तक्रारी येतात. देशादेशांतही हेच घडते: 1974 मध्ये भारत व श्रीलंका यांनी कच्चतीवू बेटाजवळून रेषा आखली, तरी तमिळ मच्छीमारांची धरपकड अजून थांबलेली नाही.

जून 2024 मध्ये केंद्र सरकारने डहाणूजवळच्या वाढवण बंदराला मंजुरी दिली. या बंदराचा भराव, लाटरोधक बांध आणि मोठ्या जहाजांचा मार्ग याच वादग्रस्त पाण्याला लागून येतो, आणि किनाऱ्यावरच्या मच्छीमारांनी त्याला कडाडून विरोध केला आहे. जहाजांच्या मार्गात कव राहू शकत नाही आणि दालदाही सोडता येत नाही. नुकसानभरपाईची बोलणी निघाली, की कोण कुठे किती वर्षे मासे धरत आला याचा पुरावा मागितला जातो. तो पुरावा आहे तो म्हाताऱ्या तांडेलांच्या, म्हणजे नाखव्यांच्या, आठवणीत, कवीच्या जागा ओळखण्याच्या खुणांत आणि सातपाटी व वसई यांनी एकमेकांविरुद्ध दिलेल्या तक्रारअर्जांत.